महादेवी, विशाळगड आणि कलम २५ : सरकारला धर्मात कुठपर्यंत येता येतं?

२०२५ च्या जुलैअखेर नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण जामनगरला गेली आणि कोल्हापूर जिल्ह्यात एक प्रश्न घरोघरी पोहोचला. कागदावर विषय प्राण्याच्या तब्येतीचा होता. पारावर मात्र चर्चा वेगळीच होती: आमच्या मठात, आमच्या पूजेत काय असावं हे सरकार आणि कोर्ट कोण ठरवणार? हाच प्रश्न त्याआधी शाहूवाडी तालुक्यात विशाळगडावर उभा राहिला होता. तिथे तो दर्ग्याचा आणि कुर्बानीचा होता. गंमत अशी, की नांदणीबद्दल "धर्मात हात घालू नका" म्हणणारी बरीच मंडळी विशाळगडाचा विषय निघाला की "कायदा म्हणजे कायदा" म्हणायची. उलट्या बाजूनेही तेच.

दोन्ही प्रकरणांना एकच फूटपट्टी लावता येते का? येते. ती घटनेत आहे आणि गेल्या सत्तर वर्षांतल्या निकालांत आहे. फक्त वकिली भाषेत आहे, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

आधी, अल्पसंख्याक म्हणजे कोण?

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा १९९२ चा. त्याखाली केंद्राने १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी हे पाच समाज अधिसूचित केले. जैन समाज त्या यादीत आला २७ जानेवारी २०१४ ला. शिरोळ-हातकणंगल्याच्या उसाच्या पट्ट्यात जैन शेतकरी इतके आहेत, की आपण कागदोपत्री अल्पसंख्य आहोत हे तिथल्या अनेकांना रोजच्या व्यवहारात जाणवतही नाही. नांदणीच्या निमित्ताने ते पहिल्यांदा जाणवलं असेल.

लगेच येणारा सवाल: "म्हणजे यांना जादा हक्क?" धर्म पाळण्याच्या बाबतीत नाही. कलम २५ सर्व व्यक्तींना लागू आहे, हिंदूला जेवढं तेवढंच पारशाला. अल्पसंख्याकांसाठी खास असं जे आहे ते मुख्यतः कलम ३० मध्ये, आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. कोल्हापूरकराला हे नवलाचं वाटू नये. दसरा चौकात उभं राहून मान वळवली की शाहू महाराजांच्या पाठबळाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग दिसतात. घटना लिहिली जाण्याच्या चार दशकं आधीची ही गोष्ट.

घटनेतलं वाक्य अटीनेच सुरू होतं

कलम २५ उघडून पाहिलं तर हक्काच्या आधी अट येते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, आणि मूलभूत हक्कांच्या त्याच भागातल्या बाकीच्या कलमांच्या अधीन राहून, प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, प्रसार करण्याचा अधिकार आहे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात सरकारला आणखी दोन वाटा ठेवल्या आहेत: धर्माला जोडलेले आर्थिक, राजकीय वा इतर ऐहिक व्यवहार नियमात बांधणं, आणि समाजसुधारणा करणं. कलम २६ पंथांना आपले धार्मिक कारभार स्वतः पाहण्याचा हक्क देतं. मालमत्ता मात्र कायद्यानुसार सांभाळायची.

यातून मोठी रेघ निघते. मनात काय मानायचं यावर सरकारचा काहीही अधिकार नाही. मानलेलं चार लोकांत आचरणात आणताना मात्र नियम लागू शकतात. निर्बंधांबद्दलची बहुतेक भांडणं या रेघेच्या दुसऱ्या बाजूला घडतात, म्हणजे मिरवणूक, भोंगा, बळी, जमीन, देणगी, धर्मांतर, प्राणी.

पैशाचंच उदाहरण घ्या. मुंबई राज्याने १९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त कायदा आणला, ज्याच्याखाली आजही धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस चालतं. त्याला एका जैन देवस्थानाच्या व्यवस्थापकाने आव्हान दिलं आणि रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये निकाल दिला. हिशेब मागा, नोंदणी करायला लावा, गैरकारभार रोखा, हे सगळं चालेल. पण धर्मासाठी दिलेला पैसा संस्थेच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्या कामाकडे वळवायची जी मुभा कायद्यात होती, ती कोर्टाने टिकू दिली नाही. सत्तर वर्षांनंतरही ही ओळ बऱ्यापैकी जागेवर आहे.

किती घालायचं, कधी काढायचं

अटी आहेत म्हणजे सरकारला वाट्टेल ते करता येतं असं नाही. इथे कोर्टं आता तारतम्याची कसोटी लावतात. निर्बंधामागे कायदेशीर हेतू हवा. तो हेतू साधायला निर्बंधाचा खरंच उपयोग व्हायला हवा. कमी त्रासाचा दुसरा उपाय नसावा. आणि होणारा तोटा मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने भरमसाट नसावा.

पंचगंगेवरचे आपले कोल्हापुरी बंधारे डोळ्यांसमोर आणा. पाणी अडवायला खांबांच्या मधे बरगे घालतात, लागतील तेवढेच. पावसाळा तोंडावर आला की काढून घेतात. बरगे काढायचे राहिले तर पाणी बंधाऱ्याच्या कडेने शेत कापत जातं आणि दोष नदीला दिला जातो. धर्माच्या आचरणावरचा निर्बंध असाच हवा, ज्या जागी, ज्या वेळेला, जेवढा लागतो तेवढा.

विशाळगडाचं प्रकरण या कसोटीने बघू. गड राज्य संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व विभागाने १ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशाने गडाच्या हद्दीत पशुहत्येला बंदी घातली. हजरत पीर मलिक रेहान दर्ग्याच्या बाजूने मुंबई हायकोर्टात दाद मागितली गेली. स्मारक स्वच्छ राहावं, उघड्यावर बळी जाऊ नये, हा हेतू रास्तच आहे. पण तो साधायला कुर्बानी पूर्ण बंद करायची गरज होती का? जून २०२४ मध्ये बकरी ईदच्या तोंडावर कोर्टाने वाट काढली: उघड्यावर किंवा सार्वजनिक जागी नाही, पण बंदिस्त खाजगी जागेत करता येईल. जून २०२५ मध्येही तशीच परवानगी मिळाली. स्मारकाचं राखलं गेलं आणि विधीही झाला. हे अंतरिम आदेश आहेत, अंतिम निकाल नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तरी तारतम्य म्हणजे काय ते यातून कळतं.

नांदणीत मात्र मधला मार्ग निघाला नाही. १९९२ पासून मठात असलेल्या महादेवीच्या पायाची आणि सांध्यांची दुखणी, साखळी, मिरवणुकांत तिचा होणारा वापर, या तक्रारी हत्तींसाठी नेमलेल्या उच्चाधिकार समितीपुढे गेल्या. समितीने तिला हलवायची शिफारस केली, १६ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने ती मान्य केली आणि २८ जुलैला सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. हायकोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की हत्तिणीचा चांगलं जगण्याचा हक्क आणि तिला धार्मिक कामासाठी वापरण्याचा माणसांचा हक्क समोरासमोर आले तर आधी तिचा. निरोपाच्या रात्री नांदणीत उतरलेली गर्दी आणि ३ ऑगस्टला कलेक्टर ऑफिसवर आलेली पदयात्रा ज्यांनी पाहिली, त्यांना हा निकाल धर्मावरचा घाला वाटला. मला तसं वाटत नाही. वन्यजीव कायदा देवळाच्या हत्तीला आणि मठाच्या हत्तीला एकच आहे. पण दवाखान्याची सोय नांदणीतच, देखरेखीखाली करता आली नसती का, हा प्रश्न मला शेवटपर्यंत छळतो. नंतर राज्य सरकारने फेरविचाराची भाषा केली आणि वनताराने, म्हणजे तिला जिथे नेलं त्या जामनगरच्या प्राणी-केंद्राने, नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्राचा प्रस्ताव दिला. मग तोच पर्याय आधी नीट तपासायला हवा होता, असं कुणी म्हटलं तर चूक काय?

"धर्माचा अविभाज्य भाग", इथे खरा घोळ आहे

एखादी गोष्ट धर्माच्या गाभ्यातली आहे की वरवरची, यावरून तिला संरक्षण द्यायचं की नाही ते ठरवायची रीत आपल्या कोर्टांत रुळली आहे. याला अविभाज्य धर्माचाराची कसोटी म्हणतात. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात तिचा उगम झाला. (हा मठ उडुपीचा, आपल्या शिरूरचा नव्हे.) तेव्हा कोर्टाचा सूर उदार होता: काय अविभाज्य ते त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवायचं. पण १९५८ मध्ये बकरी ईदला गायच कापायला हवी अशी सक्ती धर्मात नाही, बकरी किंवा उंटही चालतो, असं कोर्टाने ठरवलं. १९६१ मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात आपल्या साताऱ्याचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणखी पुढे गेले. अंधश्रद्धेतून चिकटलेल्या प्रथा बाजूला काढायला हव्यात, असं त्यांनी म्हटलं.

हेतू सुधारकाचा होता, पण परिणाम अवघड झाला. न्यायाधीशांना मौलवी, भट्टारक, पाद्री सगळ्यांचं काम करावं लागतं. पोथ्या उघडून कुठलं आचरण खरं आणि कुठलं उपरं ते ते सांगतात. मोठ्या समाजाच्या प्रथा न्यायाधीशाला घरातून माहीत असतात, लहान पंथाच्या माहीत नसतात. तोल तिथेच ढळतो.

सल्लेखनेचं, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या जैन व्रताचं बघा. १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान हायकोर्टाने संथारा (सल्लेखनेचंच दुसरं नाव) म्हणजे आत्महत्याच असं धरून तो गुन्हा ठरवला. जैन धर्मात तो अविभाज्य असल्याचं त्यांना पटलं नाही. आपल्याकडे हे वाचून लोक चक्रावले. निपाणीपलीकडच्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन गेले, आणि दक्षिण महाराष्ट्रातली जैन घरं ते आदराने सांगत आली आहेत. ज्या गोष्टीला शेकडो वर्षांचा शास्त्राधार आहे ती एका निकालाने भारतीय दंड संहितेत जाऊन बसली. ३१ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. म्हणजे मधले तीन आठवडे उपवासाला बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरच्यांवर, निदान राजस्थानात, आत्महत्येला मदत केल्याचा गुन्हा लागू शकत होता.

माझं मत विचाराल तर ही कसोटी बाजूला ठेवावी. पंथ मनापासून मानतो ना, एवढं बघावं आणि मग थेट निर्बंध गरजेचा आहे का ते तपासावं. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालात सुप्रीम कोर्टाने जवळपास हेच केलं. केरळातली यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकली होती. कोर्टाने त्यांची श्रद्धा शहाणपणाची की खुळी याच्या वाटेला न जाता ती प्रामाणिक आहे का एवढं पाहिलं, आणि मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं.

"सगळे नियम आमालाच व्हय?"

हे वाक्य दोन्हीकडून ऐकू येतं. अंबाबाईचं देऊळ सरकारने नेमलेल्या देवस्थान समितीकडे, मग मशिदी का नाहीत? प्रश्न रास्त आहे, उत्तर अर्धंच ऐकलेलं असतं. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे तीन हजारांवर देवस्थानं आहेत आणि त्याचं मूळ करवीर संस्थानच्या काळातल्या व्यवस्थेत आहे. जिल्ह्यातली असंख्य बाकी देवळं खाजगी विश्वस्तच चालवतात, फक्त धर्मादाय आयुक्तांच्या नियमांत राहून. दुसरीकडे वक्फ मिळकती मोकाट नाहीत. त्यांच्यावर कायद्याने बनलेलं वक्फ मंडळ आहे. २०२५ च्या दुरुस्तीने सरकारचा हात तिथे आणखी लांब केला. त्यातली काही कलमं, उदाहरणार्थ वक्फ करायला पाच वर्षं इस्लाम पाळत असल्याची अट, सुप्रीम कोर्टाने १५ सप्टेंबर २०२५ ला तात्पुरती रोखली. सगळ्या धर्मस्थळांवर सरकारचा हात सारखा असावा ही मागणी योग्यच आहे. पण मग तो सगळीकडून सैल करायचा की सगळीकडे घट्ट, हेही मागणाऱ्याने सांगावं.

भोंग्याचा विषय तर बाराही महिने ताजा. नियम कुठल्याच धर्माचं नाव घेत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. मुंबई हायकोर्टाने २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अविभाज्य भाग नाही. निकाल बरोबर. पण नियम कागदावर सारखा असून भागत नाही, डेसिबल मोजायचं यंत्र कुठे नेलं जातं यावर सगळं आहे. पहाटेच्या अजानला लावलं आणि विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडला साउंड सिस्टीमच्या भिंतीपुढे ते पोलिसाच्या खिशात राहिलं, तर तक्रारीला जागा उरते.

तटस्थ दिसणाऱ्या नियमाचा नेम एकावरच असू शकतो, हे ओळखायचं कसं? अमेरिकेत फ्लोरिडातल्या हायालीया शहराने १९८७ मध्ये प्राण्यांच्या बळीवर बंदी घातली. शहरात सांतेरिया पंथाचं मंदिर येणार होतं. नियमात पंथाचं नाव नव्हतं, पण खाटीकखाने, शिकार, मासेमारी, घूस-उंदीर मारणं, सगळ्याला सूट होती. उरला फक्त त्या पंथाचा विधी. १९९३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नऊच्या नऊ मतांनी तो नियम फेटाळला. नियमात कुणाला सूट आहे ते वाचलं की नेम कुणावर आहे ते बऱ्याचदा दिसतं.

"वातावरण बिघडेल" हे कारण पुरतं का?

प्रशासनाचं हे सगळ्यात आवडतं कारण. आपल्याला ते नवीन नाही. जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून कोल्हापूर शहर पेटलं, बंद झाला, इंटरनेट बंद पडलं. अशा वेळी जमावबंदी लागते आणि ती लागावीही.

पण कायद्यात साधी शांतता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांत फरक आहे. १९६५ मध्ये राममनोहर लोहिया यांच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तो वर्तुळांनी समजावला. सर्वांत मोठं वर्तुळ कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत लहान सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षेचं. दोन माणसांचं भांडण मोठ्या वर्तुळात येतं, आतल्यात येत नाही. कलम २५ मधली अट आतल्या वर्तुळाची आहे.

आणि दंगल करायची धमकी एकाने द्यायची, बंदी दुसऱ्याच्या प्रार्थनेवर यायची, हे चालत नाही. वाराणसीच्या शिया-सुन्नी वादात १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जमावबंदीचा अधिकार हक्क बजावणाऱ्याच्या मदतीला आणि अडवणाऱ्याच्या विरोधात वापरायचा. जुलै २०२४ मध्ये विशाळगडच्या अतिक्रमणांवरून जमाव चढला आणि तोडफोड झाली ती पायथ्याच्या गजापुरात, मशिदीची आणि लोकांच्या घरांची. अतिक्रमणाचा प्रश्न खरा होता. पण भर पावसाळ्यातल्या पाडकामावर हायकोर्टाला बोट ठेवावं लागलं. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने देशभरासाठी नियम घातले: पाडायच्या आधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी. रस्ता, फूटपाथ, रेल्वे हद्द, नदीपात्र अशा सार्वजनिक जागा यातून वगळल्या आहेत, मग तिथे कुठल्याही धर्माचं काही असो.

धर्म बदलायचा तर कलेक्टरला सांगायचं?

ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये जबरदस्तीच्या, फसवणुकीच्या, आमिषाच्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरले. प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे, असं म्हणून. जबरदस्ती गुन्हा असावी याबद्दल कुणाचं दुमत नाही. अडचण नंतरच्या कायद्यांत आहे. आधी नोटीस द्या, चौकशी होऊ द्या, मग बदला. हिमाचलच्या कायद्यातली ३० दिवस आधी कळवायची अट तिथल्या हायकोर्टाने २०१२ मध्ये रद्द केली, कारण आपली श्रद्धा जगापुढे उघड न करण्याचाही माणसाला हक्क आहे. मनातल्या गोष्टीसाठी सरकारी फॉर्म भरायला लावणं हे मन आणि आचरण यांच्यातल्या त्या रेघेच्या आत पाऊल टाकणं आहे, असं मला वाटतं.

ती रेघ पूर्ण पुसली की काय होतं ते शेजारी दिसतं. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदिया पंथाला मुस्लिमेतर ठरवलं. १९८४ च्या वटहुकुमाने त्यांनी स्वतःला मुस्लिम म्हणणं, आपल्या प्रार्थनेच्या हाकेला अजान म्हणणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. रशियाने २०१७ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांची संघटनाच अतिरेकी म्हणून बंद केली. बायबल वाचायला घरात जमलेली माणसं तुरुंगात गेली. आवाज, जागा, आरोग्य यांचा तिथे संबंधच उरला नव्हता.

आदेश हातात पडला तर

तोंडी सूचनेवर गप्प बसू नका, लेखी प्रत मागा. ती कुणाच्या सहीची आहे, कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आहे, कारण काय दिलंय आणि कधीपर्यंत लागू आहे, हे चार मुद्दे त्यात असायला हवेत. शेवटची तारीख नसेल तर तोच पहिला आक्षेप. शेजारच्या देवळाला, मशिदीला, चर्चला तोच नियम लावला आहे का, हे माहिती अधिकारात विचारता येतं. आणि कलम २२६ खाली रिट करायला, म्हणजे हक्कासाठी थेट हायकोर्टात दाद मागायला, आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, आपल्यासह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी.